“दिसतंय आम्हाला, मुनीमजी”: एका एकांकिकेतल्या उघड बोलण्याचे प्रकरण

स्पर्धेची वेळमर्यादा 45 मिनिटे आणि पहिली सलग तालीम चालली 52. दिग्दर्शकाने नेहमीचा उपाय केला: “जरा वेगात घ्या.” दुसऱ्या वेळी 50 मिनिटे लागली, पण शब्द खाल्ले जाऊ लागले. दुखणे वेगाचे नव्हते, संहितेचे होते. रंगमंचावर जे डोळ्यांना दिसत होते आणि कानांना ऐकू येत होते, तेच पात्रे पुन्हा तोंडाने सांगत होती.

प्रकरण या लेखासाठी बेतलेले आहे. मंडळ, संहिता आणि पात्रे काल्पनिक आहेत. शहर आणि त्याच्या खुणा खऱ्या. यातल्या चुका मात्र हौशी तालमींना जाणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील.

गोष्ट अशी. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा छोटा कारखाना, चार माग, भिंतीला लागून घर. जानेवारीची 12 तारीख, गड्ड्याचे म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. नरसय्या म्हणजे घरातले ‘ताता’ (तेलुगूत आजोबा), पंचाहत्तरी ओलांडलेले. मुलगा व्यंकटेश मालक, सून पद्मा, नातू श्रीकांत कॉलेजात, जॉबर (मागांची देखभाल करणारा) दत्तू आणि जुने मुनीम गुंडप्पा. सातवा भंगारवाला, त्याचे काम दोन मिनिटांचे. व्यंकटेशने तिसरा माग भंगारात काढायचे ठरवून विसार घेतला आहे, तातांना सांगितलेले नाही. रात्री लाईट जाते. अंधारात भंगारवाला त्या मागाची मोटार उतरवून नेतो. लाईट येते, तीन माग सुरू होतात, तिसरा होत नाही. बस, एवढेच घडते.

संहिता आली कुठून

लेखकाने हे आधी श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचे नाटक, म्हणून लिहिले होते. सगळ्या रोगाचे मूळ इथे होते, आणि ते कळेपर्यंत लेखकाला उगाच बोल खावे लागले. श्रुतिकेत ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. कोण आले, कुणाच्या हातात काय आहे, दिवस की रात्र, सगळे आवाजातून आणि बोलण्यातून पोचवावे लागते. म्हणून प्रत्येक हाकेला नाव असते (“ये श्रीकांत, बस”), प्रत्येक वस्तूला उच्चार असतो (“हा घे पाण्याचा तांब्या”) आणि आवाजाची ओळख पटवणारा कुणी तरी असतो (“दार वाजलं वाटतं”). श्रुतिकेत ही वाक्ये लागतातच, त्यात गैर काही नाही. पण तीच पाने जशीच्या तशी रंगमंचावर नेली की तांब्या दिसत असतो, दार वाजलेले ऐकू आलेले असते, आणि पात्र उगाच आगाऊ वाटू लागते.

महाभारतातला संजय दिवसचे दिवस बोलतो आणि कुणाला खटकत नाही, कारण समोर बसलेल्या धृतराष्ट्राला दिसत नाही. संस्कृत नाट्यपरंपरेने तर न दाखवलेली हकीकत कळवण्यासाठी पाच सोयी नेमून दिल्या: विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकास्य आणि अंकावतार. पाचही सोयी आधी घडलेल्या, पुढे घडणाऱ्या किंवा पडद्याआड चाललेल्या गोष्टींसाठी आहेत. प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले त्याला परत सांगण्यासाठी सहावी सोय कुणी केली नाही.

मंडळातल्या एका नटाने एक वाजवी हरकत घेतली: माणसे खऱ्या आयुष्यातही असेच बोलतात. बरोबर आहे. चपला काढत असलेल्या माणसाला आपण “आलात?” म्हणतो, पानावर बसलेल्याला “जेवताय का?”, आणि पिशवी घेऊन निघालेल्याला “बाजारात वाटतं?” पण यातून माहिती द्यायची नसते. माणसाची दखल घ्यायची असते, दार उघडे आहे एवढे कळवायचे असते. रंगमंचावरही असे “आलात?” चालते, मात्र त्यात कुणी तरी कुणाला जवळ करत किंवा दूर लोटत असले पाहिजे. व्यंकटेश घरात शिरताना पद्मा “आलात?” म्हणते आणि पाणी देत नाही, यात नवरा-बायकोत काय बिनसले आहे ते सगळे येते. हे वाक्य शेवटपर्यंत ठेवले गेले.

खुणा कशा केल्या

संहितेत 310 संवाद होते. मंडळाने तालमीच्या खोलीत दोन बैठकी घेतल्या. पहिल्या बैठकीत नटांनी सगळे प्रवेश तोंड मिटून केले: हालचाल, वस्तू, प्रकाश आणि आवाज होते, शब्द नव्हते. ज्यांनी संहिता वाचलीच नव्हती असे तिघे समोर बसवले. प्रत्येक प्रवेशानंतर त्यांनी काय कळले ते कागदावर लिहायचे. हे तिघे घरचे नकोत. घरच्यांनी तालमीचे तुकडे कानावर घेतलेले असतात आणि ते हुशारी दाखवतात. जे तिघांनाही शब्दांवाचून कळले, त्या ओळींखाली लाल रेघ मारली. एकाला किंवा दोघांनाच कळले, तिथे निळी.

दुसऱ्या बैठकीत प्रत्येक लाल रेघेसाठी एकच प्रश्न विचारला: हे वाक्य रंगमंचावर असलेल्या कुणाला माहीत नाही? कुणीच सापडले नाही, तर ते वाक्य प्रेक्षकांसाठी लिहिलेले आहे, पात्रासाठी नाही. मग पुढचा प्रश्न: तरीही हे पात्र ते का म्हणेल? भीतीने, वेळ काढायला, कुणाला डिवचायला, स्वतःला धीर द्यायला? उत्तर मिळाले तर वाक्याला जीवदान.

लाल ओळी 84 निघाल्या. त्यातल्या 49 कापल्या. 13 ओळींच्या जागी कृती ठेवली. 9 जिथल्या तिथे राहिल्या. उरलेल्या 13 सगळ्यांकडून काढून एकट्या गुंडप्पा मुनिमाला दिल्या, आणि या एका निर्णयाने नाटक बदलले. त्याकडे पुढे येतो.

कापलेल्यांत सर्वांत जास्त भरणा होता तो धावत्या समालोचनाचा. “मी आता कारखान्यात जातो”, आणि तो जातो. “ही बघा चादर”, आणि चादर हातातच आहे. भावनेच्या पाट्याही खूप निघाल्या: “मला फार वाईट वाटतंय, व्यंकटेश.” अशी पाटी नटाच्या पोटावर पाय देते. चेहऱ्याने जे करायचे ते तोंडाने आधीच उरकले, मग चेहरा मोकळा राहतो आणि नट हातवारे करू लागतो. पद्माचे काम करणारीची अशी चार वाक्ये काढली, तेव्हा ती पहिल्या दिवशी रुसली आणि तिसऱ्या दिवशी तिचे काम सगळ्यांत उजवे झाले.

कारखान्यातल्या प्रवेशात संपादकाचे काम खुद्द मागांनी केले. चार माग चालू असताना माणूस हाताच्या अंतरावरून बोलत नाही. खुणा करतो, किंवा कानाशी तोंड नेऊन दोन शब्द ओरडतो. मूळ संहितेत मात्र मुनीम त्याच खडखडाटात चार वाक्यांचे भाषण करत होता: “अहो मालक, दुसऱ्या मागाचा धागा तुटलाय, दत्तू तो जोडतोय, पण ऑर्डर उद्या सकाळी द्यायची आहे, आणि अजून चादरी बाकी आहेत.” तालमीत ध्वनिमुद्रित आवाज पूर्ण मोठा ठेवून हे म्हणायला लावले. दुसऱ्या वाक्याला नटाचा घसा बसू लागला. शेवटी उरले ते असे: दत्तू तुटलेला धागा जोडत वर न बघता तीन बोटे दाखवतो, व्यंकटेश मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो, मुनीम त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो, “सकाळी सात!” पंधरा सेकंदांत सगळे झाले.

लाईट जाते

सगळ्यांत जास्त वाद झाला तो या जागेवर. मूळ ओळी अशा:

मुनीम: अरे बापरे! लाईट गेली! सगळीकडे अंधार पसरला! आता माग कसे चालणार?

पद्मा: होय हो, लाईट गेली. काही दिसत नाही.

दत्तू: माग बंद पडले, मालक.

लाल पेन्सिलवाल्यांचे म्हणणे सरळ होते: दिवे विझले, मागांचा आवाज थांबला, प्रेक्षक आंधळे-बहिरे नाहीत, तिन्ही ओळी कापा. कापल्या आणि अंधारात प्रवेश केला. चाळीस सेकंद काहीच कळेना. कोण कुठे उभे आहे, कुणाच्या पायाशी स्टूल आहे, आवाज आला तो कुणाचा, काही नाही. समोर बसलेल्यांत चुळबूळ सुरू झाली. रंगमंचावरचा अंधार घरातल्या अंधारासारखा नसतो: घरात आपल्याला माणसांच्या जागा ठाऊक असतात, इथे प्रेक्षकाला त्या आवाजावरूनच मांडाव्या लागतात. म्हणजे या जागी नाटक पुन्हा श्रुतिका होते, आणि श्रुतिकेतली वाक्ये परत कामाची होतात.

मग असे लिहिले:

दत्तू (कारखान्याच्या दारातून): गेली बे लाईट!

पद्मा (स्वयंपाकघरातून): करंट पोयिंदि.

गुंडप्पा (खुर्चीवरून, उठता उठता): करंट होय्तु.

तिघांनी एकच उघड गोष्ट सांगितली, एकाने सोलापुरी मराठीत, एकीने तेलुगूत, एकाने कानडीत. तीन आवाज, तीन कोपरे, तीन घरे. प्रेक्षकांना जागा कळल्या, आणि तालमीत पहिल्यांदा या ठिकाणी हशा पिकला. अर्थ सांगायची गरज पडली नाही, कारण पहिले वाक्य मराठी होते. उरलेली दोन त्याच्या मागून ओळखू येतात. क्रम उलटा केला, तेलुगू आधी घेतले, तर पुण्या-नाशिकच्या प्रेक्षकाला क्षणभर अडखळायला होते. तेव्हा क्रम बदलायचा नाही, असे संहितेच्या कडेला लिहून ठेवले.

दोन वाक्यांमधली जागाही मोजावी लागली. एका सेकंदाहून कमी ठेवली तर तिघे एकदम बोलल्यासारखे होते, दोनच्या वर गेली तर तिसरे वाक्य पाठ केल्यासारखे वाटते. दीड सेकंद बरा पडला. प्रकाश विझल्यावर मागांचा आवाज ताबडतोब तोडायचा नाही, मोटारीची गती मरायला वेळ लागतो. दोन-तीन सेकंदांत खाली आणायचा आणि शेवटचा खट्ट वेगळा ऐकू द्यायचा. दत्तूचे वाक्य त्या खट्टनंतर.

दुसरीकडे दुभाष्याचे काम करणाऱ्या ओळी निघाल्या. पद्मा श्रीकांतला विचारते, “अन्नं तिन्नावा?” आणि मूळ संहितेत श्रीकांत उत्तर देतो, “जेवलास का असं विचारतेस ना? हो, जेवलो.” कोणता मुलगा आईला असे उत्तर देईल? त्याला नुसते “जेवलो” म्हणू दिले. प्रश्न उत्तरातच उलगडतो. तेलुगू-कानडी वाक्ये घालणाऱ्या सोलापुरातल्या लेखकाने एवढे एक तंत्र हाताशी ठेवले तरी निम्मी दुभाषेगिरी वाचते.

तातांचा इतिहास

सर्वांत लांब उघड ओळ तातांची होती. सोलापुरात जन्मलेले ताता सोलापुरात जन्मलेल्या नातवाला सांगत होते: “तुला माहीतच आहे श्रीकांत, 1877 साली इथे जुनी मिल सुरू झाली, माझे वडील तिथंच कामाला होते. 1930 साली आपल्या शहरात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी झाली.” माहिती एकूण एक खरी. पण ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द लेखणीतून उतरले की हात तिथेच थांबवावा. माहीत असेल तर सांगतो कशाला? आणि हे ऐकणार कोण, तर ज्यांचे नाट्यगृहच हुतात्म्यांच्या नावाचे, ते लोक.

पर्याय असा केला: सकाळी ताता मुनिमाबरोबर चार पुतळ्यांपाशी जाऊन आलेले आहेत. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, हातात हारातून गळलेले झेंडूचे एक फूल. ते फूल ते श्रीकांतला देतात: “घे. पुतळ्यावरचं.” श्रीकांत काही न विचारता खिशात ठेवतो, म्हणजे दर वर्षी ठेवतो. तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोठ्या आकड्यात दिसते. सोलापूरच्या प्रेक्षकाला एवढे पुरते.

प्रयोग बाहेर न्यायचा झाला तर? इथे मंडळाने चांगला विचार केला. एका गावातले उघड दुसऱ्या गावात गुपित असते. पण म्हणून भाषण परत आणायचे नाही. खरोखर माहीत नसलेला ऐकणारा शोधायचा. तो संहितेत होताच: भंगारवाला. त्याला बाहेरगावचा केला. तो फुलाकडे बघून विचारतो, “आज काय सण?” ताता म्हणतात, “येरवड्यात फाशी दिली चौघांना. आजचीच तारीख.” त्यावर भंगारवाला मोटारीच्या नटबोल्टकडे वळतो. दोन वाक्यांत पुण्याच्या प्रेक्षकालाही धागा मिळतो, शिवाय भंगारवाल्याचा स्वभाव फुकटात दिसतो. मंडळाने या दोन ओळी संहितेत चौकटीत लिहिल्या: सोलापुरात वगळायच्या, बाहेर घ्यायच्या.

बाराबंदीचेही तेच. दोरीवर वाळत घातलेली पांढरी बाराबंदी दिसली की सिद्धेश्वराच्या यात्रेत गुंडप्पा नंदीध्वजाच्या मिरवणुकीला जाणार हे इथे पोराटोरांना कळते. बाहेर तो नुसता जुन्या पद्धतीचा अंगरखा. तिथे मात्र काही घातले नाही. ते नाही कळले तरी गोष्ट अडत नाही. सगळे सगळ्यांना कळलेच पाहिजे हा हट्ट असला की उघड वाक्यांची खोगीरभरती सुरू होते.

मुनीम

आता त्या 13 ओळी. एकाच माणसाला उघड बोलायची खोड दिली, तर तो दोष राहत नाही, स्वभाव होतो. विनोदी पात्र म्हणून हे सोपे आहे आणि तिथेच बहुतेक जण थांबतात: तो बोलतो, दुसरा तोंड वाकडे करतो, लोक हसतात. पहिल्या फेरीत मुनीम असाच झाला. “पाऊस नाही आज.” “चहा आला.” “मालक आले.” पद्मा वैतागून म्हणते, “दिसतंय आम्हाला, मुनीमजी.” दोनदा हशा आला. तिसऱ्यांदा नाही. नुसत्या खोडीचे आयुष्य साधारण एवढेच असते.

दिग्दर्शकाने विचारले, हा कुणासाठी बोलतो? त्यातून तातांचा मोतीबिंदू आला. पहिल्या मसुद्यात तो दोष दुसऱ्याच मिनिटाला उघड केला, आणि मुनीम लगेच आज्ञाधारक संजय झाला. त्याचे बोलणे गरजेचे ठरले, गंमत गेली. मग दुरुस्ती अशी: तातांना दिवेलागणीनंतर नीट दिसत नाही, पण ते कबूल करत नाहीत. “मला सगळं दिसतंय” असे तेच दोनदा म्हणतात. म्हणून मुनिमाला ते थेट सांगता येत नाही. स्वतःशी पुटपुटल्यासारखे सांगावे लागते. प्रेक्षकाला सुरुवातीची बारा-तेरा मिनिटे हा माणूस बडबड्या वाटतो. लाईट गेल्यावर पद्मा मेणबत्ती लावते, ताता तिच्या उलट दिशेला हात पुढे करतात, मुनीम म्हणतो, “मेणबत्ती पद्माच्या डाव्या हातात आहे,” आणि तातांचा हात वळतो. खोडीमागचे कारण तिथे कळते. कुणी त्यावर बोलत नाही, पद्माने “म्हणून होय!” म्हणायची ओळ लेखकाने घातली होती, तीही कापली.

कारण कधी उघडावे याचे गणित असे बसले: त्याआधी मुनिमाची किमान पाच उघड वाक्ये झालेली हवीत, प्रत्येक खरे हवे, आणि दोन वाक्यांमध्ये मिनिटभर तरी अंतर हवे. दाटीवाटीने आली तर नट विनोद करतोय असे वाटते. एकही वाक्य चुकीचे निघता कामा नये. हा माणूस जे सांगतो ते तसेच असते, एवढा विश्वास प्रेक्षकांत मुरायला हवा, कारण शेवट त्यावरच उभा आहे.

मूळ शेवट: लाईट येते, ताता म्हणतात, “अरे! तिसरा माग बंद आहे! म्हणजे व्यंकटेशनं माग विकला! म्हणजे आपली परंपरा संपली!” एका दमात निरीक्षण, निष्कर्ष आणि निबंध. नवा शेवट: माग एकेक करून सुरू होतात. ताता कान देऊन बसले आहेत. एक, दोन, मग तिसऱ्याच्या जागी काही नाही, मग चौथा. सगळे मुनिमाकडे बघतात. मुनीम म्हणतो, “चारी चालू आहेत, ताता.” जन्मभर समोरचे सांगणारा माणूस पहिल्यांदा खोटे बोलतो. ताता जरा थांबून म्हणतात, “हं. चारी.”

मुनिमाचे काम करणाऱ्या नटाने यानंतर प्रेक्षकांकडे एक दुःखी नजर टाकायला सुरुवात केली होती. तीही उघड बोलण्याचीच जात, फक्त डोळ्यांनी केलेली. ती बंद केली.

या शेवटाला तांत्रिक अडचण होती. ध्वनिमुद्रणात चारही मागांचा मिळून एकच तुकडा होता, आणि मिसळलेल्या खडखडाटात तीन माग की चार, हे कुणालाच कळत नाही, अगदी मागावर काम केलेल्यालाही खात्री देता आली नाही. मग एका मागाचा आवाज वेगळा मुद्रित करून चार वेगवेगळ्या गतींत ठेवला आणि दोन स्पीकरांवर वाटला. लाईट आल्यावर माग एकदम सुरू होत नाहीत, प्रत्येकाचा दांडा वेगळा ओढावा लागतो. वस्तुस्थितीच कामाला आली. दोन सुरुवातींमध्ये चार सेकंद. तिसऱ्या मागाला पहिल्या प्रवेशापासूनच एक कुरकुर दिली आणि दत्तूला त्यात तेल घालताना दाखवले. शेवटी ती कुरकुर येत नाही. आणि तालाची सवय झालेल्या कानाला मधली आठ सेकंदे रिकामी लागतात.

कापाकापीने बिघडलेले

49 ओळी गेल्या, म्हणजे साधारण पाच मिनिटे वाचायला हवी होती; सावकाश म्हटलेल्या दहा-बारा शब्दांच्या वाक्याला पाच-सहा सेकंद जातात. वाचली तीनच मिनिटे. शब्द गेले तिथे हालचाल आणि थांबणे शिरले. 52 वरून 49. मग शेजारणीचा एक पूर्ण प्रवेश काढला (सहा मिनिटांपूर्वीच कळलेली बातमी ती परत आणत होती, म्हणजे अख्खा प्रवेशच उघड होता) आणि वेळ 44 वर आली. एक मिनिट हशासाठी शिल्लक. स्पर्धेत एवढे हाताशी असावेच.

नात्यांच्या बाबतीत कात्री जास्त चालली. श्रीकांत सगळ्यांना हाका मारताना नाती गाळली गेली आणि नव्या प्रेक्षकांतल्या दोघांना व्यंकटेश हा तातांचा जावई वाटला. नाते दिसत नाही, ते सांगावेच लागते; आणि हाक ही त्याची सगळ्यांत स्वस्त जागा. पहिल्या तीन मिनिटांत ‘ताता’, ‘अम्मा’ आणि ताता व्यंकटेशला “पोरा” म्हणतात, अशा तीन हाका परत आणल्या. विसाराचेही तसेच झाले. व्यंकटेश नोटा मोजून खिशात घालतो ही कृती निळ्या रेघेची होती: दोघांना पगार वाटला. तिथे भंगारवाल्याला एकच वाक्य दिले, “विसार समजा. उरलेले वजनावर.” काट्यावर विकली जाणारी वस्तू म्हणजे काय ते चादर विणणाऱ्या गावाला कळते.

मोठ्या नाट्यगृहातली मागची रांग हाही वेगळा हिशेब. दत्तूची तीन बोटे हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात शेवटच्या रांगेतून दिसत नाहीत. कोपर वर करून हात खांद्याच्या वर नेल्यावर दिसली. म्हणून शब्द काढून कृती ठेवलेल्या 13 जागांची तालीम रंगमंचावर, शेवटच्या रांगेत माणूस बसवून, वेगळी घेतली. दोन जागी शब्द परत आले: श्रीकांतच्या हातातला फोन आणि दत्तूच्या हातातली रिकामी कांडी, दोन्ही वस्तू तिथून ओळखू येईनात.

प्रयोग जवळ आला की एक वेगळीच गोष्ट घडते, आणि या मंडळालाही ती टाळता आली नाही. कापलेली वाक्ये नटाच्या डोक्यातून जात नाहीत. ताण आला की तीच आधी तोंडात येतात, कारण ती पहिल्यांदा पाठ झालेली असतात आणि म्हणायला सोपी असतात. रंगीत तालमीत दत्तू अंधारात “माग बंद पडले, मालक” बोलून गेला. शिवाय विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या हातात जुनी प्रत होती. पद्मा क्षणभर थांबली तेव्हा त्याने तिला “होय हो, लाईट गेली” पुरवली, आणि तिने ती म्हटली. उपाय म्हणून जुन्या सगळ्या प्रती गोळा केल्या, खोडलेल्या ओळींच्या जागी नवीन प्रतीत कृती लिहिल्या (“इथे पाणी देत नाही”), म्हणजे नटाला तिथे करायला काही तरी राहते. शेवटच्या चार तालमी प्रॉम्प्टरशिवाय घेतल्या. ओळ आठवली नाही तर गप्प बसायचे आणि समोरच्याकडे बघायचे, असा नियम केला. पद्मा दोनदा अशी गप्प बसली. त्यातल्या एका जागी तिची ओळ कायमची काढली.